वरकड खर्च खरंच वरकड असतो का?

विषय हिशेबाचा आहे, पण सुरुवात पाण्यापासून करू. 12 एप्रिल 2016 ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोहोचली. 10 वाघिणी, सुमारे 5 लाख लिटर पाणी. पुढच्याच महिन्यात बातमी आली, की रेल्वेने लातूरच्या प्रशासनाला सुमारे 4 कोटी रुपयांचं बिल पाठवलं. इथे नांदेडात आम्हीही चिडलो: तहानलेल्या माणसाकडून पैसे? मग लक्षात आलं, बिल पाण्याचं नव्हतंच, ते वाहून आणण्याचं होतं. ते कोणी भरावं यावर वाद होईल. पण वाहतुकीला खर्च आलाच नाही, असं म्हणता येत नाही.

सामाजिक संस्थेला देणगी देताना आपण नेमकं हेच म्हणतो: ‘माझा पैसा थेट गरजूपर्यंत जावा.’ पण ‘थेट’ म्हणजे कसा? शिबिरातली औषधं हा प्रत्यक्ष खर्च. कार्यालयाचं भाडं, लेखापालाचा पगार, लेखापरीक्षण हा अप्रत्यक्ष खर्च. कारण तो एका कामाचा नसतो, सगळ्यांचा मिळून असतो.

समजा, एक संस्था अभ्यासिका, आरोग्य शिबिरं आणि पाणलोट अशी 3 कामं करते. लेखापालाचा वर्षाचा पगार 2,40,000 रुपये. त्याचा वेळ अनुक्रमे 50, 30 आणि 20 टक्के जातो. म्हणजे वाटे झाले 1,20,000, 72,000 आणि 48,000. आता आरोग्य शिबिरांचा देणगीदार म्हणाला, ‘पगाराला पैसे नाहीत’, तर ते 72,000 नाहीसे होतात का? नाही. ते दुसऱ्याच्या माथी जातात, किंवा लेखापालाचा पगार थकतो.

किंवा तिसरंच घडतं. आम्ही एका छोट्या संस्थेचे विश्वस्त होतो. तिथे हिशेब लिहिणाऱ्या बाई अनुदानाच्या कागदावर ‘क्षेत्र कार्यकर्ती’ होत्या. त्या कागदावर आम्हीच सही केली. पैसा कोणी खाल्ला नव्हता, पण हिशेब खोटा होता. जन्मभर वर्गात सत्य शिकवलं, आणि सही करताना हात थांबला नाही. ही टोचणी अजून आहे.

अमेरिकेत 2009 मध्ये ग्रेगरी आणि हॉवर्ड या अभ्यासकांनी याला ‘उपासमारीचं चक्र’ म्हटलं. देणगीदार कमी खर्चाची अपेक्षा धरतो, संस्था तो कमी करते किंवा कमी दाखवते, आणि ते पाहून अपेक्षा आणखी खाली जाते.

मर्यादा नकोच, असं आमचं म्हणणं नाही. सेवेच्या नावाखाली गाड्या उडवणारेही आहेतच. विदेशी देणगीच्या कायद्यात 2020 साली प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आणली. पण त्याच कायद्याच्या नियमांत रुग्णालयातल्या डॉक्टरांचे आणि शाळेतल्या शिक्षकांचे पगार प्रशासकीय खर्चात धरत नाहीत. म्हणजे ‘पगार’ या शब्दावरून निवाडा होत नाही. पगार कशासाठी, हे बघावं लागतं. सीएसआरमधल्या 5 टक्क्यांचंही तसंच. 2021 च्या नियमांतली ती मर्यादा कंपनीने स्वतःच्या सीएसआर कारभारावर करायच्या खर्चाला आहे. ती अनुदान घेणाऱ्या संस्थेला लावणं हा गैरसमज आहे.

तत्त्वज्ञानाच्या भाषेत सांगायचं तर आपण साधन आणि साध्य यांची ताटातूट करतो, आणि साधनाला उधळपट्टी म्हणतो. गंमत अशी, की पैसा खरंच गरजूपर्यंत गेला का, हे आपल्याला सांगणारा तो हिशेबच असतो. आणि त्याचेच पैसे द्यायला आपण नाही म्हणतो.

म्हणून पुढच्या वेळी देणगी देताना ‘प्रशासनावर किती टक्के?’ एवढंच विचारून थांबू नका. त्या खर्चातून काय होतं, तो कामांमध्ये कोणत्या आधारावर वाटला, आणि आमच्या वाट्याला किती येतो, हे तीन प्रश्न विचारा. आणि आपला वाटा निघाला, तर तो द्या. खरं उत्तर हवं असेल, तर ते देणं समोरच्याला परवडलं पाहिजे.