मडगार्डच्या आतला चिखल : हंगामानंतर चाकांची निगा कशी राखावी



गळीत हंगाम आटोपला की आपण ट्रॅक्टर धुतो. बॉनेट चमकते, टायरला काळे पॉलिश लागते आणि गाडी शेडमध्ये उभी राहते. पण मडगार्डच्या आत हात घालून पाहा. नोव्हेंबरात बसलेला चिखल तिथे तसाच असतो. जीप आणि मोटारगाडीचेही तेच. जे दिसते ते धुतले जाते आणि जे झिजते ते राहून जाते.

ऊस विकास अधिकाऱ्याने उसाचे सोडून चाकाचे का लिहावे, असे कुणी विचारील. कारण सरळ आहे. तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गव्हाणीत पडला पाहिजे. उशीर झाला की वजन घटते आणि साखरही उतरते. वजन घटले तर नुकसान सभासदाचे, उतारा घटला तर सर्वांचे. वाटेत चाक जाम होऊन रस्त्याकडेला उभी राहिलेली ट्रॉली दर हंगामात कुठे ना कुठे दिसतेच. तिच्यातला ऊस वाळत असतो, आणि रात्री तीच ट्रॉली मागून येणाऱ्याच्या जिवावर उठते.

चिखल लोखंड कसे खातो

लोखंड गंजायला पाणी आणि हवा दोन्ही लागतात. पावसात भिजलेला उघडा पत्रा उन्हाने तासाभरात सुकतो. चिखलाखालचा पत्रा सुकत नाही. आपल्या गोदाकाठची, गेवराई-माजलगाव भागातली काळी माती पाणी धरून ठेवते. हाच गुण पिकाला तारतो आणि पत्र्याला मारतो. मडगार्डच्या कोपऱ्यात ही माती म्हणजे ओले पोटीसच होय. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात, पाटोदा-आष्टीकडे, माती चिकटते कमी. पण तिथला मुरूम चाकाने उडतो, आतला रंग टवके उडून निघतो आणि गंजाला तोंड मिळते.

त्यात भर पडते उसाच्या रसाची. सांडलेला रस आंबतो, आंबला की आम्ल होते. त्याच ट्रॉलीतून पुढे खत नेले जाते. म्युरेट ऑफ पोटॅश हा क्षारच आहे, आणि क्षाराच्या ओलीत लोखंड झपाट्याने गंजते.

आधी खरवड, मग पाणी

एप्रिल-मे महिन्यांत आपल्या जिल्ह्यात पाण्याचा हंडा मोलाचा असतो. म्हणून पाण्याआधी खरवडणी करावी. लाकडी पट्टी किंवा बोथट उलथणे घेऊन वाळलेला चिखल पाडावा. धारदार खुरपे वापरू नये, रंग निघतो. मग राहिलेल्या थरावर ओले पोते तासभर चिकटवून ठेवावे. ढेकूळ मऊ पडते आणि थोड्या पाण्यात सुटते.

चिखल नेमका कुठे दडतो ते माहीत असावे. ट्रॅक्टरला मडगार्डच्या आतल्या कडेला, पत्रा जिथे वळवला आहे तिथे. ट्रॉलीला बहुधा मडगार्ड नसतेच. तिथे तो फळ्यांच्या खाली, चॅसीच्या कोनात आणि कमानपाट्यांच्या फटीत बसतो. मोटारगाडीला पुढच्या चाकामागे, दाराच्या खालच्या कोपऱ्यात. नव्या गाड्यांत चाकाच्या वर प्लास्टिकचे अस्तर असते. ते बाहेरून स्वच्छ दिसते, पण त्याच्यामागे पाचट आणि माती साचलेली असू शकते. दाराखालच्या पट्टीत पाणी निघून जायला बारीक भोके असतात, ती काडीने मोकळी करावीत.

फवारणीचा एचटीपी पंप असेल तर काम लवकर होते. मात्र नोझल हातभर लांब धरावे. ब्रेकची रबरी नळी, रबरी बूट, बेअरिंगचे सील आणि वायरींवर थेट धार मारू नये. सीलमधून पाणी आत शिरले तर ग्रीस खराब होते. गाडी विहिरीजवळ किंवा ओढ्यात धुऊ नये. तेलकट पाणी शेवटी आपल्याच पिण्यात येते.

जिवाची काळजी आधी

चाक काढण्यापूर्वी बाकीच्या चाकांना पुढून-मागून दगड लावावेत. नुसत्या जॅकच्या भरवशावर कुणीही खाली शिरू नये. चॅसीखाली लाकडाचा भक्कम ओंडका द्यावा. हायड्रॉलिक ट्रॉली वर उचलून तिच्याखाली चिखल काढायचा असेल तर आधी लोखंडी टेकू द्यावा, मगच खाली जावे. पाइप फुटला तर ट्रॉली क्षणात खाली येते, ओरडायलाही वेळ मिळत नाही.

पाचटाचा वेटोळा

चाक उघडले की हबच्या मागे पाहावे. पाचट, सुतळी आणि तारेचा तुकडा आसाला गुंडाळलेला सापडतो. हा वेटोळा सील कापतो, ग्रीस बाहेर येते, माती आत जाते. मग बेअरिंग तापते आणि चाक जाम होते. म्हणून हंगामातून एकदा तरी ट्रॉलीचे हब उघडावे, बेअरिंग रॉकेल किंवा डिझेलने धुऊन सुकवावे, खवलेले असेल तर बदलावे, नवे ग्रीस भरावे आणि कॉटर पिन नवीनच घालावी. चाक बसवल्यावर नट समोरासमोरचे आवळावेत आणि पहिल्या खेपेनंतर पुन्हा तपासावेत.

पुष्कळ ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. धारूरचा घाट उतरताना मागच्या उसाचा सगळा रेटा ट्रॅक्टरच्या ब्रेकवर येतो. तेव्हा ब्रेकच्या नळ्या, पेडल आणि ब्रेकजवळची तेलगळती याच वेळी जाणत्या मिस्त्रीकडून पाहून घ्यावी.

लेप कशाचा द्यावा

धुतल्यावर गाडी एक-दोन दिवस कडक उन्हात सुकू द्यावी. ओल्या पत्र्यावर लेप देणे म्हणजे ओल कोंडून ठेवणे. गंज वायर ब्रशने आणि पॉलिश पेपरने घासून काढावा, रेड ऑक्साइडचा हात द्यावा आणि तो वाळल्यावर चाकाच्या वरच्या पोकळीत गाडीच्या तळाला मारतात ते रबरी किंवा डांबरी कोटिंग मारावे. कोटिंग मारताना ब्रेकचा ड्रम किंवा डिस्क, रबरी नळ्या, सायलेन्सर आणि पाण्याची भोके झाकून घ्यावीत.

आपल्याकडे जळके ऑइल चोपडण्याची रीत आहे. फुकट मिळते म्हणून ते बरे वाटते, पण त्यावर धूळ बसून नवा थर तयार होतो, ते रबर फुगवते, पावसात वाहून रानात जाते आणि ब्रेकवर ओघळले तर ब्रेक लागत नाही. ही रीत सोडावी.

चकाकी सर्वात शेवटी. टायर पॉलिश फक्त टायरच्या बाजूला आणि प्लास्टिकच्या अस्तराला लावावे. जमिनीला टेकणाऱ्या नक्षीला कधीही लावू नये, चाक घसरते.

टायरगाडीही विसरू नये

आपल्याच जिल्ह्यातले ऊसतोड बांधव टायरगाडीवर ऊस वाहतात. तिच्या चाकातही बेअरिंगच असते. पूर्वी लाकडी गाडीच्या कण्याला वंगण घातल्याशिवाय गाडीवान घराबाहेर पडत नसे. टायर आले आणि ती सवय सुटली. कोरडे बेअरिंग बैलाच्या खांद्यावर ओझे वाढवते, हे मुकादमांनी आणि गाडीमालकांनी ध्यानात ठेवावे.

रिफ्लेक्टर पुसा

चाकाने उडवलेला चिखल मागच्या फळीवर बसतो आणि रिफ्लेक्टर झाकून टाकतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०४ रिफ्लेक्टरविषयी आहे. पुढे पांढरी, बाजूला पिवळी आणि मागे लाल चकाकती पट्टी असावी. पट्टी लावली पण चिखलाखाली गेली, तर ती नसल्यातच जमा. हंगामात प्रत्येक खेपेला काट्यावरून रिकामे निघताना एक ओले फडके मागून फिरवावे. दोन मिनिटांचे काम आहे.

ट्रॅक्टरचे हप्ते अनेक वर्षे चालतात. पत्रा आणि बेअरिंग त्याआधीच संपले तर हप्ता राहतो आणि गाडी जाते. तेव्हा मृगाचा पाऊस पडण्यापूर्वी सभासद बंधूंनी आपली वाहने आतून धुऊन, सुकवून, लेप देऊन ठेवावीत. ऑक्टोबरात वाहतुकीचा करार करायला याल, तेव्हा चाक हाताने फिरवून पाहूनच यावे.

— ऊस विकास अधिकारी