कपाटाबाहेरचे पुस्तक

शाळेच्या ग्रंथपालाकडे दोन कामे असतात. मुलांना वाचायची गोडी लावायची, आणि मुलाला पडलेल्या प्रश्नाचे उत्तर त्याने स्वतः शोधून काढावे इतके त्याला तयार करायचे. पहिल्या कामासाठी पुस्तक मुलाच्या हातात पडावे लागते. दुसऱ्यासाठी एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकाकडे कसे जायचे, हे कोणीतरी दाखवावे लागते. बीड शहराच्या दक्षिणेला, सोलापूरकडे जाणाऱ्या महामार्गावर पाली हे गाव आहे. जवळच बिंदुसरा धरण आहे, पलीकडे बालाघाटचे डोंगर आहेत. अशा गावातल्या मुलाला पडणारे प्रश्न मोठ्या शहरातल्या मुलाच्या प्रश्नांहून वेगळे असतात आणि त्यांची उत्तरे पाठ्यपुस्तकात क्वचितच सापडतात. म्हणून इथल्या शाळेतल्या ग्रंथपालाचे काम जास्त महत्त्वाचे ठरते.

कायद्याने ग्रंथालय शाळेसाठी बंधनकारक आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याला जोडलेल्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे आणि त्यात वर्तमानपत्र, मासिके, सर्व विषयांची पुस्तके व गोष्टींची पुस्तकेही असावीत, असे म्हटले आहे. गोष्टींच्या पुस्तकांचा उल्लेख तिथे मुद्दाम केलेला आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. ग्रंथपालाच्या पदाची गोष्ट मात्र निराळी. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत हे पद नसतेच. एखादे सर किंवा बाई वर्ग सांभाळून ग्रंथालय पाहतात. अनुदानित माध्यमिक शाळेत पूर्णवेळ किंवा अर्धवेळ ग्रंथपाल मिळणे पटसंख्येवर अवलंबून असते. त्यामुळे छोट्या गावात बहुतेकदा ग्रंथपाल म्हणजे ज्याच्याकडे कपाटाची किल्ली तो शिक्षक.

आणि कपाट बहुतेक वेळा बंद असते. त्यामागे आळस नसतो, भीती असते. प्रत्येक पुस्तक दाखल नोंदवहीत चढलेले असते. पुढे कधीतरी साठा पडताळणी होणार, पुस्तक कमी भरले तर भरपाई कोणी करायची, हा विचार किल्ली सांभाळणाऱ्याच्या मनात सतत असतो. मग पुस्तके नवी कोरी राहतात, वाळवीच्या वाटेला जातात, पण मुलांच्या वाटेला येत नाहीत. खरे तर वापरातले पुस्तक कधी ना कधी फाटणार आणि थोडी पुस्तके हरवणार, हे सरकारी नियमही मान्य करतात. केंद्र सरकारच्या 2017 च्या सामान्य वित्तीय नियमांनुसार वाचायला दिलेल्या दर हजार पुस्तकांमागे वर्षाला पाच पुस्तके गहाळ झाली आणि त्यात अप्रामाणिकपणा किंवा निष्काळजीपणा नसला, तर ती हानी वाजवी समजावी. हा नियम केंद्राच्या कार्यालयांसाठी आहे, गावातल्या शाळेला तो थेट लागू होत नाही. पण त्यामागचा विचार प्रत्येक मुख्याध्यापकाने मनावर घ्यावा असा आहे. मुख्याध्यापकाने पाठीशी उभे राहायचे ठरवले, की ग्रंथपालाचा हात मोकळा होतो.

भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक शि. रा. रंगनाथन हे मूळचे गणिताचे प्राध्यापक. 1924 मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि 1931 मध्ये त्यांचा ग्रंथालयशास्त्राच्या पाच सिद्धांतांवरचा ग्रंथ आला. पुस्तके वापरासाठी असतात, हा त्यांतला पहिला सिद्धांत. हे सांगताना त्यांनी युरोपातल्या मध्ययुगीन ग्रंथालयांची आठवण करून दिली आहे, जिथे पुस्तके साखळीने बांधून ठेवत. आपल्याकडच्या शाळेतले कुलूपबंद कपाट त्या साखळीपेक्षा फार वेगळे नाही.

कपाट उघडले की पुढचा प्रश्न मांडणीचा. जगभरातली अनेक शालेय ग्रंथालये मेल्विल ड्यूई यांनी 1876 मध्ये मांडलेली दशांश वर्गीकरण पद्धती वापरतात. सगळे ज्ञान शून्यापासून नऊपर्यंतच्या दहा वर्गांत वाटायचे आणि प्रत्येक वर्गाचे पुन्हा दहा भाग करत जायचे, अशी ही रचना. मराठी साहित्याचा क्रमांक 891.46, लोककथांचा 398.2, पक्ष्यांचा 598, धरणांचा 627.8, भारताच्या इतिहासाचा 954. पाचवीतल्या मुलाला हे आकडे पाठ करायला लावण्यात काही हशील नाही. पण पुस्तकाच्या कण्यावर चिकटवलेला आकडा त्या पुस्तकाचे घर सांगतो, एवढे त्याला कळले तर पुरते. आकडा वाचून स्वतः पुस्तक काढलेल्या मुलाच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसते, ते शिक्षकाने हातात आयते दिलेल्या पुस्तकाने येत नाही. दोनतीनशे पुस्तकांच्या छोट्या ग्रंथालयात तर रंगीत पट्ट्याही पुरतात: गोष्टींना एक रंग, विज्ञानाला दुसरा, चरित्रांना तिसरा.

वाचनाची गोडी लावण्याच्या कामात सर्वांत हमखास उपाय म्हणजे मोठ्याने वाचून दाखवणे. वेळापत्रकात आठवड्यातून एक तास ग्रंथालयाचा असला, तर त्यातली पहिली दहा मिनिटे ग्रंथपालाने एखादे प्रकरण वाचावे आणि नेमक्या उत्सुकतेच्या जागी थांबावे. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे संकटात सापडला आणि पुस्तक मिटले, की तास संपताच त्या पुस्तकासाठी रांग लागते. वीणा गवाणकरांच्या ‘एक होता कार्व्हर’बद्दलही असाच अनुभव येतो. गुलामगिरीत जन्मलेला मुलगा पुढे मातीचा आणि भुईमुगाचा शास्त्रज्ञ होतो, ही कथा शेतकऱ्याच्या पोरांना कानाआड करता येत नाही.

पुस्तक मुलाच्या आवाक्यातले हवे, हेही तितकेच खरे. यासाठी पाच बोटांची एक साधी युक्ती आहे. पुस्तकाचे मधले कोणतेही पान उघडायचे, वाचायला लागायचे आणि न कळलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटायचे. पान संपायच्या आत मूठ बंद झाली, तर ते पुस्तक सध्या बाजूला ठेवायचे. सातवीतला एखादा मुलगा तिसरीच्या पातळीचे चित्रांचे पुस्तक घेऊ पाहत असेल, तर त्याला सर्वांसमोर टोकण्याइतके नुकसानकारक दुसरे काही नाही. तो उद्या ग्रंथालयाकडे फिरकणार नाही. अशा मुलासाठी मासिके फार उपयोगी पडतात, कारण मासिक हातात असले की कोणी इयत्ता विचारत नाही. बालभारतीचे ‘किशोर’ 1971 पासून निघते आणि त्याचे जुने अंक बालभारतीने संगणकावर मोफत वाचायला ठेवले आहेत.

डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, 15 ऑक्टोबर, महाराष्ट्रात 2015 पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी शाळेत पुस्तके मांडली जातात, फोटो निघतात. हा दिवस जरूर व्हावा. मात्र बीड जिल्ह्यात या तारखेनंतर काय होते, तिकडे ग्रंथपालाचे लक्ष हवे.

दसरा-दिवाळीच्या सुमाराला जिल्ह्यातल्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरला जातो. मागे आजी-आजोबा किंवा हंगामी वसतिगृह असेल तर मुले गावात राहतात, नाही तर आईवडिलांबरोबर फडावर जातात. परतायला मार्च-एप्रिल उजाडतो. पाच-सहा महिन्यांच्या या खंडात मुलाचे वाचन तुटते, आणि एकदा तुटले की पुन्हा जोडणे अवघड जाते. आठ दिवसांत पुस्तक परत करायचे, हा ग्रंथालयाचा नेहमीचा नियम या मुलांच्या उपयोगाचा नाही. त्यांच्यासाठी हंगामाची मुदत हवी. निघायच्या आधी त्या मुलाच्या नावावर चार-पाच पुस्तके चढवावीत: दोन त्याच्या आवडीची, एक धाकट्या भावंडाला वाचून दाखवता येईल असे, एक कोडी-गणितांचे. कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, वीज असेलच असे नाही, म्हणून टाइप मोठा हवा. पुस्तके प्लास्टिकच्या जाड पिशवीत द्यावीत, कारण थंडीत फडावर दव पडते. चारांतली तीन परत आली तरी व्यवहार फायद्याचा.

वाचकापर्यंत पुस्तक पाठवण्याची कल्पना नवी नाही. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून संस्थानात ग्रंथालयांचे जाळे उभारले. त्यात पुस्तकांच्या लाकडी पेट्या गावोगाव फिरत असत. अलीकडे नाशिकहून 2009 मध्ये सुरू झालेल्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ उपक्रमात शंभर पुस्तकांची एक पेटी वाचकांच्या गटाकडे दिली जाते. एका हंगामापुरती अशी पेटी साखर कारखान्याच्या तळावर गेली, तर एका शाळेचे ग्रंथालय चार गावांच्या मुलांना पुरेल.

आता दुसरे काम, शोध घ्यायला शिकवण्याचे. शाळेत प्रकल्प म्हटले की मुले मोबाइलवर शब्द टाकतात, पहिले पान उतरवून काढतात आणि वर सजावट करतात. यात चूक मुलांची नाही. प्रश्नच इतका मोठा दिलेला असतो की उतरवण्यावाचून गत्यंतर नसते. ‘पाणी’ हा विषय दिला तर जगभरची माहिती ओतली जाणार. ‘बिंदुसरा धरणाचे पाणी कोणाकोणाला मिळते’ असा प्रश्न दिला, तर मुलाला घराबाहेर पडावेच लागते. प्रश्न लहान करणे, ही शोधातली पहिली पायरी, आणि ग्रंथपालाची खरी मदत तिथेच लागते.

समजा पालीच्या एखाद्या मुलीने बिंदुसरा नदी निवडली. आधी नकाशा. नदी बालाघाटात उगम पावते, बीड शहरातून वाहते, सिंदफणेला मिळते आणि सिंदफणा गोदावरीला, एवढे नकाशावर बोट फिरवूनच कळते. मग मराठी विश्वकोश. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली सुरू झालेल्या या कोशाचा पहिला खंड 1976 मध्ये निघाला आणि आज तो संगणकावरही वाचता येतो. कोशातली नोंद वाचताना कोणते शब्द पुढे शोधायचे, हे तिने वहीत उतरवावे. त्यानंतर जिल्ह्याचे गॅझेटिअर, आणि इथे एक मेख आहे. जुन्या इंग्रजी कागदपत्रांत बीडचे नाव ‘भीर’ असे येते, अंबाजोगाईचे ‘मोमिनाबाद’. आजचे नाव शोधत बसले तर काहीच हाती लागत नाही आणि मूल निष्कर्ष काढते की माहितीच नाही. गावाची, नदीची, तालुक्याची जुनी नावे एका कागदावर लिहून तो ग्रंथालयाच्या भिंतीला लावला, तर कितीतरी मुलांचे कष्ट वाचतात.

छापील साधने संपली की माणसे उरतात. 1989 मध्ये बिंदुसरेला आलेल्या पुराने बीड शहरात मोठी हानी झाली. तो पाहिलेली माणसे अजून घरोघर आहेत. 1972 च्या दुष्काळाची आठवण सांगणाऱ्या आज्या आहेत: खडी फोडायची कामे, वाटपात मिळालेली सुकडी, आयात केलेली लाल मिलो ज्वारी. आजीला काय विचारायचे, हे आधी लिहून काढायला ग्रंथपालाने शिकवावे. ‘दुष्काळ कसा होता’ असे विचारले तर आजी म्हणणार, ‘लई वाईट होता बाळा’ आणि गप्प बसणार. ‘पाणी कुठून आणायचीस? किती खेपा व्हायच्या? कामावर रोजाचे किती मिळायचे?’ असे विचारले की तासभर बोलते. पुढची पायरी अधिक मोलाची. आजीने सांगितलेले आणि पुस्तकातले जुळत नसेल तर दोन्ही लिहायचे, कोणी सांगितले तेही लिहायचे, आणि तिसरे साधन शोधायचे. बीडजवळच्या निजामशाही काळातल्या खजाना विहिरीबद्दल तर गावागणिक वेगळी कथा ऐकायला मिळते. त्यातली कोणती कथा कुठे पहिल्यांदा छापली गेली, हा आठवीच्या मुलांना झेपेल असा उत्तम शोध आहे.

अशा कामाला स्पर्धेचे व्यासपीठही आहे. 1993 पासून भरणाऱ्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेत 10 ते 17 वयाची मुले आपल्या परिसरातला प्रश्न निवडून प्रकल्प मांडतात. पालीच्या आसपास विषयांची वाण नाही. पाटोदा तालुक्यातले नायगाव मयूर अभयारण्य जवळच आहे. मोरांची नोंद ठेवणाऱ्या मुलांना मारुती चितमपल्लींचा ‘पक्षीकोश’ हाताशी लागेल. बालाघाटच्या उतारावर सीताफळे पिकतात. बीडच्या सीताफळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ते का मिळाले आणि बागायतदाराला त्याचा भाव किती वाढून मिळाला, हे बाजारात जाऊन विचारता येते.

या प्रदेशात ग्रंथालयाला आणखी एक संदर्भ आहे. 1948 पर्यंत बीड हैदराबाद संस्थानात होते. उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती आणि मराठीला फारसा आधार नव्हता. त्या काळात हैदराबादच्या 1922 सालच्या मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या संस्थांनी लोकांना वाचायला आणि एकत्र बसायला जागा दिली. वाचनालय सुरू करणे हे तेव्हा सार्वजनिक धाडसाचे काम होते.

आता पुन्हा मुलांच्या प्रकल्पाकडे. तो तपासून झाला, गुण मिळाले, की वही बहुधा रद्दीत जाते. ती रद्दीत जाऊ नये, ही ग्रंथपालाची शेवटची जबाबदारी. चांगल्या प्रकल्पाची स्वच्छ प्रत काढून शिवावी, मागे साधनांची यादी आणि माहिती सांगणाऱ्या वडीलधाऱ्यांची नावे त्यांच्या संमतीने जोडावीत, दाखल नोंदवहीत क्रमांक द्यावा. धरणावरचा प्रकल्प 627.8 मध्ये, दुष्काळाच्या आठवणी 954 मध्ये. आतल्या पानावर तारखांची चिठ्ठी चिकटवावी आणि पुस्तक कपाटात लावावे. पुढच्या वर्षी बिंदुसरेबद्दल विचारायला आलेल्या सातवीच्या मुलाला ग्रंथपाल हेच पुस्तक आधी काढून देईल.