मार्कंड्याचे पाषाणवैभव

राजुऱ्याच्या पूर्वेस, गडचिरोली जिल्ह्याच्या चामोर्शी तालुक्यात, वैनगंगा जेथे उत्तरेकडे वळते तेथे मार्कंडादेव हा शैव मंदिरसमूह उभा असून अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी एकोणिसाव्या शतकात त्याची पाहणी केली आणि त्याची तुलना खजुराहोशी केली. छत पेलण्यासाठी येथे खरी कमान नाही. दगडांचा प्रत्येक वरचा थर खालच्यापेक्षा थोडा पुढे काढून पोकळी मिटवली जाते, आणि बाराव्या शतकात दुसऱ्या सूर्यवर्म्याने कंबोडियात उभारलेल्या विष्णूच्या अंकोरवाटमध्येही ख्मेर स्थपतींनी हीच पद्धत वापरली. या पद्धतीने छत फार रुंद करता येत नाही, त्यामुळे अंकोरवाटच्या ओवऱ्या अरुंद आणि लांबच लांब झाल्या. मार्कंड्याचे खरे सामर्थ्य मात्र बाह्यभिंतींवरील दाट मूर्तिशिल्पांत आहे, आणि महाशिवरात्रीच्या यात्रेत हा मंदिरसमूह आजही पूजेचे जिवंत स्थान ठरते.