मैना, पोक्या, नरू

गिरणगावातल्या कथा-नाटकांत ‘प्रिये’ शोधायला गेलात तर हात हलवत परत याल. इथली माया नावाची मोडतोड करते. प्रकाशचा पक्या झाला की समजायचं, पोरगं करी रोडच्या नाक्यावर रुजलं. पूर्ण नावानं हाक आली तर काहीतरी बिनसलंय.

१९३३ साली मामा वरेरकरांनी ‘धावता धोटा’ ही कादंबरी लिहिली, तिची नायिका बिजली. असं नाव असल्यावर लाडाचं वेगळं कशाला लागतंय? (गंमत म्हणजे या वस्तीवर लिहिणारेही नात्याच्याच नावानं ओळखले गेले: मामा, अण्णा भाऊ साठे, भाऊ पाध्ये. अण्णा भाऊंचं तुकाराम आणि पाध्यांचं प्रभाकर राहिलं कागदावर.)

सगळ्यात लाडाची हाक अण्णा भाऊंची, ‘माझी मैना गावावर राहिली’. करी रोड-लालबागच्या गाळ्यांत तेव्हा पुरुष पाळीपाळीनं झोपत. एकाची वळकटी उचलली की दुसऱ्याची पसरायची. बायको कोकणात नाहीतर घाटावर. रोज जेवू घालणारी खानावळवाली, ती मावशी. मैना म्हणावं असं समोर कुणी नव्हतंच. म्हणून तो शब्द चारचौघांत, डफावर आला. पुढे बायको मुंबईत आली, बिऱ्हाड थाटलं, की हीच मैना ‘अगं, ऐकलंस का’ व्हायची आणि पोर झाल्यावर ‘बाळूची आई’. अण्णा भाऊंना हे पक्कं ठाऊक असावं. त्यांनी मैनेला जवळ येऊच दिलं नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात तिचं बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव झालं, आणि तो मुलूखही लांबच राहिला.

भाऊ पाध्यांच्या १९६५ च्या ‘वासूनाका’त पोक्या बोलू लागला आणि आचार्य अत्रे खवळले. शिव्या आहेतच त्यात. पण दोस्ताला हासडलेली शिवी आणि वैऱ्याला दिलेली शिवी, यातला फरक नाक्यावर उभं राहिलेल्यालाच कळतो.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतरचं उद्ध्वस्त घर जयंत पवारांनी ‘अधांतर’ नाटकात (१९९७) उभं केलं. त्यातला नरू गुंडगिरीत जातो, पण नाव तेच, पाळण्याजवळ आईनं घ्यावं असं. याच नाटकावरून २०१० साली आलेल्या ‘लालबाग परळ’ चित्रपटात एक जण आहे स्पीडब्रेकर. चाळीनं लाडानं नावं मोडली. टोळ्यांनी तीच सवय उचलली आणि धाक घालायला वापरली.

‘अधांतर’ घरात असेल तर पुन्हा काढा. या वेळी संवाद राहू द्या, नुसत्या हाका वाचा.