करसवलत आणि कामगारकपात

कंपनीकर उतरविला की कारखाने परदेशी जात नाहीत, असे प्रतिपादन अमेरिकेत वारंवार केले जाते. इंडियानापोलिस येथील कॅरिअर कंपनीचे उदाहरण या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. घरे उबदार ठेवणाऱ्या भट्ट्यांचे उत्पादन मेक्सिकोतील मॉन्टेरे येथे हलविण्याचे तिने फेब्रुवारी २०१६ मध्ये जाहीर केले. तेथील स्वस्त मजुरी हे मुख्य कारण. वार्षिक बचत सुमारे साडेसहा कोटी डॉलर. वर्षअखेरीस राज्याने दहा वर्षांत मिळून सत्तर लाखांच्या सवलती देऊ केल्या व सुमारे आठशे कामगारांचे काम टिकले. एवढ्याशा सवलतीने कंपनी वळली, हे पटण्यासारखे नाही; तिच्या पालक कंपनीचे अमेरिकी सरकार हे मोठे गिऱ्हाईक होते. डिसेंबर २०१७ च्या कायद्याने केंद्रीय कंपनीकर ३५ टक्क्यांवरून २१ टक्क्यांवर आणला. पुढच्याच महिन्यात याच कारखान्यातील आणखी दोनशेंहून अधिक कामगारांना काम गमवावे लागले.