मोटारीला ताप चढतो तेव्हा

मे महिन्यात वाईहून पसरणीचा घाट चढू लागले की रस्त्याच्या कडेला एखादी तरी मोटार तोंड उघडून उभी असलेली दिसते. मालक पाण्याची बाटली घेऊन समोर उभे, मुले दगडावर बसलेली, आणि येणारा-जाणारा प्रत्येकजण सल्ला देतो आहे. ‘रेडिएटरचे झाकण काढा’ हा त्यांतला सर्वांत सोपा आणि सर्वांत घातक सल्ला. आमच्या एका स्नेह्यांनी तो मानला. वाफेचा फवारा उडून त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला, आणि पुढे दीड महिना त्यांना त्या हाताने लिहिता आले नाही. मोटार मात्र दुसऱ्याच दिवशी ठाकठीक झाली. बिघाड होता तो पंख्याच्या एका लहानशा फ्यूजचा.

झाकण काढताच असा उत्पात का व्हावा? याचे उत्तर आपल्या स्वयंपाकघरातच आहे. पाणी समुद्रसपाटीला १०० अंशांवर उकळते. महाबळेश्वरास, सुमारे साडेतेराशे मीटर उंचीवर, ते ९५-९६ अंशांवरच उकळू लागते. कुकरमध्ये वाफ कोंडून दाब वाढवला म्हणजे तेच पाणी १२० अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. पुष्कळशा मोटारींच्या रेडिएटरचे झाकण हेच काम करते. त्यातली स्प्रिंग सुमारे एका वातावरणाइतका जादा दाब धरून ठेवते. दाब एकाएकी सुटला की शंभराच्या वर गेलेल्या पाण्याचा काही भाग क्षणात वाफ होतो आणि उरलेले उकळते पाणी घेऊन बाहेर उसळतो. शिटी पडण्याआधी कुकरचे झाकण ओढू नये हे आपण मुलांना शिकवतो. मोटारीपुढे मात्र मोठमोठी माणसे ते विसरतात. एंजिन बंद करून निदान पाऊण तास थांबावे, वरची रबरी नळी दाबून ती मऊ लागते का ते पाहावे, मग जाड फडके टाकून झाकण थोडेसेच फिरवावे आणि फुसफुस संपेपर्यंत थांबावे. याला आमच्याकडे अपवाद नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. पेट्रोल जळून जी शक्ती मिळते तिच्यातला ढोबळ मानाने चौथा ते तिसरा हिस्साच गाडी ओढण्याच्या कामी येतो. जवळपास तेवढीच उष्णता धुराबरोबर जाते आणि उरलेल्यातली बरीचशी एंजिनाभोवती खेळणाऱ्या पाण्याला उचलावी लागते. सिलिंडरातील ज्वाळेचे तापमान २,००० अंशांच्या वर असते, आणि ज्या ॲल्युमिनियमचा पिस्टन केलेला असतो ते ६६० अंशांना वितळते. हे पाणी खेळवायला पंप, निववायला रेडिएटर, वारा घालायला पंखा, आणि एंजिन नीट तापेपर्यंत पाण्याची वाट अडवून धरायला थर्मोस्टॅट नावाची मेणाची झडप, एवढाच हा संसार. ताप चढला की दोष यांपैकी कोणाचा तरी असतो, किंवा पाणीच कमी झालेले असते.

कोणाचा, हे ओळखण्यासाठी वैद्य विचारतो तोच प्रश्न आपण विचारावा: ताप केव्हा चढतो? सिग्नलला किंवा गर्दीत उभे असताना काटा चढतो आणि मोकळ्या रस्त्याला लागताच उतरतो, तर पंख्यावर संशय घ्यावा; कारण वेगात असताना वारा आपोआप मिळतो. उलट गावात सारे ठीक, पण घाटात किंवा वेगात ताप येतो, तर रेडिएटर बुजलेला, पंपाचा जोर कमी झालेला किंवा झडप अर्धवट उघडणारी असावी. गाडी सुरू करून थोड्याच वेळात काटा वर गेला, तर झडप बंदच राहिली आहे किंवा पाणी कमी आहे. आणखी एक फसवी गोष्ट सांगून ठेवतो. पाणी फारच कमी झाले तर तापमान मोजणारा कोंब कोरडा पडतो आणि काटा उलट खाली येतो. तो खाली पाहून निर्धास्त झालेल्या माणसाचे एंजिन हकनाक जाते.

घरी तपासायचे ते एंजिन थंड असताना सकाळी. प्रथम पाणी पाहावे. ते वरचेवर कमी होत असेल तर रात्री गाडीखाली जुना पुठ्ठा पसरून ठेवावा, म्हणजे गळती कोठे आहे ते कळते. पंपाच्या पोटाशी एक बारीक छिद्र असते; तेथून ठिबकत असेल तर पंपाचे सील गेले. पंख्याची परीक्षा सोपी आहे. पुष्कळ गाड्यांत वातानुकूलन सुरू केले की पंखा फिरू लागतो. न फिरल्यास आधी फ्यूज पाहावा, मग त्याच जातीचा दुसरा रिले बदलून पाहावा. विजेचा पंखा एंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो, म्हणून तेथे हात घालण्यापूर्वी बॅटरीचे ऋण टोक सोडवावे.

थर्मोस्टॅट काढून पातेल्यातल्या पाण्यात दोऱ्याने टांगावा, बुडाला टेकू देऊ नये, आणि शेजारी तापमापक धरावा. झडपेवर कोरलेल्या आकड्याच्या आसपास, बहुधा ८२ ते ८८ अंशांच्या दरम्यान, ती उघडू लागली पाहिजे. पाणी उकळले तरी उघडली नाही, तर ती फेकून द्यावी. येथे एका सार्वत्रिक समजुतीविषयी बोलणे भाग आहे. ‘आपल्या उष्ण मुलखात थर्मोस्टॅट हवाच कशाला?’ असे म्हणून तो कायमचा काढून टाकणारे मिस्त्री गावोगाव भेटतात. आम्हांस हे मुळीच पटत नाही. झडप नसली की एंजिन नीट तापतच नाही, इंधन जास्त लागते, तेलात चिखल साचतो. आणि काही एंजिनांत तर पाणी आडवाटेने परत फिरून ताप उलट वाढतो.

रेडिएटरच्या जाळीत किडे, धूळ आणि उसाचे पाचट अडकलेले असते. ते एंजिनाच्या बाजूने बाहेर पाणी मारून, हलक्या धारेने काढावे. जोराच्या धारेने पत्र्याच्या पापण्या वाकतात. आतला गाळ मात्र आपणच घातलेला असतो. विंधणविहिरीचे जड पाणी वर्षानुवर्षे ओतले की अंघोळीच्या बंबात बसतो तसा क्षारांचा थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी आणि गाडीच्या पुस्तकात सांगितलेले कूलंट यांचेच मिश्रण घालावे. कूलंटच्या रंगावर भरवसा ठेवू नये, कारण एकाच रंगाखाली निरनिराळी रसायने विकली जातात. जुने काढलेले कूलंट उघड्यावर ठेवू नये. त्यातले इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असते. कुत्री-मांजरे ते चाटतात, लहान मूलही चाटेल. नवे भरताना वाटेतली हवा निघून जाईल असे बघावे, नाहीतर हवेचा फुगा अडकून पुन्हा ताप येतो. गाडीचे नाक थोडे चढावर ठेवून सावकाश भरले की बरीचशी हवा निघते.

गळती कोठेच दिसत नाही, तरी पाणी कमी होते, मागून पांढरा धूर येत राहतो, तेल मोजण्याच्या पट्टीवर दुधाळ फेस दिसतो, किंवा एंजिन चालू असताना पाण्यात बुडबुडे येतात, असे असल्यास हेडखालची गास्केट फुटलेली असण्याचा संभव मोठा. हे घरचे काम नव्हे. बहुधा हे दुखणे जुन्या तापाचेच फळ असते: काटा लाल रेघेत असताना ‘एवढा घाट चढून घेऊ’ म्हणून गाडी रेटली की ॲल्युमिनियमचे हेड वाकते, आणि दोनशे रुपयांच्या रिलेची गोष्ट हजारोंवर जाते.

म्हणून घाटात काटा चढू लागताच वातानुकूलन बंद करावे, खिडक्या उघडाव्या आणि आतला हीटर पूर्ण सोडावा. मे महिन्यात हे ऐकून बरोबरची मंडळी आपल्याला वेड लागले असे म्हणतील. पण तो हीटर म्हणजे एंजिनाला जोडलेला दुसरा छोटा रेडिएटरच असतो. तरीही काटा उतरला नाही, तर सुरक्षित जागा पाहून एंजिन बंद करावे. तापलेल्या एंजिनावर थंड पाणी ओतू नये, त्याने धातूला तडा जाऊ शकतो. पाऊण तासाने, वर सांगितलेल्या रीतीने झाकण काढून, एंजिन हाताला सोसेल इतके निवल्यावरच थोडे थोडे पाणी घालावे. दुसऱ्या दिवशी सकाळी पातळी पुन्हा पाहावी. ती उतरलेली दिसली तर पुठ्ठा काढून गाडीखाली घालावा.