खुंटीवरचा पट्टा जीव वाचवीत नाही



जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या चार तालुक्यांचा मिळून जुन्नर वनविभाग होतो. या भागात बिबट्याला सरसकट 'वाघ'च म्हणतात. दिवस कलला की घरोघरी पहिला प्रश्न निघतो, 'रानात अजून कोण आहे?' ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये शिरूर तालुक्याच्या पिंपरखेड-जांबुत परिसरात अवघ्या तीन आठवड्यांत तिघांचा बळी गेला. त्यांत दोन लेकरे होती आणि एक वृद्ध आजी होती. संतापलेल्या लोकांनी मंचरजवळ पुणे-नाशिक महामार्ग रोखून धरला. त्याच नोव्हेंबरात पिंपरखेडचे स्त्री-पुरुष गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात राबत असल्याची छायाचित्रे देशभर छापून आली.

ती छायाचित्रे पाहून शहरात कुणाला हसू आले असेल. हिमालयातील गद्दी मेंढपाळ बिबट्यापासून वाचविण्यासाठी आपल्या कुत्र्यांच्या गळ्यात असेच पट्टे घालतात. तो पट्टा माणसाला घालावा लागतो ही लाजिरवाणी गोष्ट खरीच. पण ती लाज पट्टा घालणाऱ्याची नव्हे. आणि घालायचाच आहे, तर तो नीट निवडून घालावा, एवढेच आजच्या लेखात सांगायचे आहे.

कारण अनुभव असा आहे, की संरक्षणाची वस्तू आली की पहिले आठ दिवस सगळे वापरतात. मग मान घामेजते, काम अडते, कुणी थट्टा करते आणि वस्तू खुंटीला लागते. मोटारसायकलच्या हँडलला टांगलेले हेल्मेट आपण रोज पाहतोच. वस्तू किती मजबूत आहे हे सगळे विचारतात. ती अंगावर घालून चार तास खुरपता येईल का, हे कुणी विचारीत नाही. जी वस्तू अंगावर सुखाने राहत नाही, ती संकटाच्या वेळी अंगावर नसते.

हा प्रश्न रोजचा का?

बिबट्या आज आहे, उद्या जाईल, असे धरून चालता येत नाही. माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे, डिंभे या धरणांचे पाणी आले आणि कोरडवाहू रानात ऊस उभा राहिला. ऊस बारा ते अठरा महिने शेतात असतो. त्यात बिबट्याला आडोसा मिळतो, पाणी मिळते आणि वस्तीवरची कुत्री, शेळ्या, वासरे हे भक्ष्यही मिळते. माद्या उसातच पिल्ले घालतात.

धरून दुसरीकडे सोडण्याचा उपायही झाला आहे. डॉ. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्नर परिसराचा अभ्यास केला. १९९३ ते २००० या काळात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. २००१ पासून बिबटे मोठ्या प्रमाणावर पकडून जंगलात सोडण्यात आले आणि २००३ पर्यंत ही सरासरी १७ वर गेली. तेव्हा पिंजरा लागला म्हणून गाफील राहता येत नाही. खबरदारी रोजची म्हटली, की सोयीचा विचार आलाच.

पिस्तूल हा उपाय नव्हे

'आम्हांला बंदुकीचा परवाना द्या' अशी मागणी तरुण मंडळी करतात. त्यामागचा राग समजतो. पण बिबट्या समोरून आव्हान देऊन येत नाही. तो दबा धरून, बहुधा मागून किंवा बाजूने येतो आणि थेट मान धरतो. कमरेचे पिस्तूल काढायला सवडच मिळत नाही. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल न्यायचे तर ते म्यानात किंवा तशाच पिशवीत, पूर्ण झाकलेले आणि आपल्या ताब्यात असावे लागते. शिवाय उसात गोळी झाडली तर पलीकडच्या सरीत कोण वाकले आहे, हे दिसत नाही.

बिबट्या हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याची शिकार हा गंभीर गुन्हा आहे. मात्र स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचविताना सद्भावनेने प्रतिकार केला आणि त्यात प्राणी मेला, तर कलम ११ प्रमाणे तो गुन्हा ठरत नाही. आणि ज्या काठीला आपण साधी समजतो, तिला १९५९ च्या शस्त्र कायद्याने शस्त्राच्या व्याख्येतूनच वगळले आहे. तिला परवाना लागत नाही, म्यान लागत नाही.

गळ्याचा पट्टा कसा पाहावा?

पट्टा हल्ला टाळीत नाही. तो फक्त मान व गळा झाकतो. म्हणून तो मागची मान आणि पुढचा गळा दोन्ही झाकील, इतका रुंद असावा. पण हनुवटी खाली केली की काठ रुतेल इतका रुंद नको. बांधल्यावर आत दोन बोटे सहज गेली पाहिजेत. त्याहून घट्ट असेल तर दम लागल्यावर जीव घुसमटेल. सैल असेल तर वाकल्यावर फिरून खिळे छातीकडे येतील.

आतून जुन्या सुती लुगड्याचे किंवा धोतराचे दुपदरी अस्तर लावावे. ते काढून धुता आले पाहिजे. मे महिन्यात घामाने मान सोलवटली, की पट्टा सुटलाच म्हणून समजा. खिळ्यांची डोकी आतून अंगाला लागता कामा नयेत. मध्ये जाड चामड्याचा किंवा कॅनव्हासचा थर हवा. गंजलेला खिळा दिसला की बदलावा.

बक्कल असे असावे, की ते एका हाताने, अंधारात, न बघता उघडता येईल. ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. पट्टा तारेत किंवा फांदीत अडकला तर सोडविणारे जवळ कुणी असेलच असे नाही. मळणी यंत्र, कडबाकुट्टी, रसाचा चरक, इंजिनाचा फिरता पट्टा यांच्याजवळ मात्र तो काढूनच ठेवावा. ओढणी-पदर अडकून जे अपघात होतात, तेच पट्ट्यानेही होतील.

डोक्यावर वाढ्याची मोळी किंवा हंडा घेताना मान ताठ लागते, कडेवर मूल असेल तर त्याचे तोंड आपल्या गळ्याशी येते. या दोन्ही वेळी बाहेर आलेले खिळे घातक आहेत. लहान मुलांच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालूच नये. खेळताना ती एकमेकांच्या अंगावर पडतात. मुलाचे संरक्षण म्हणजे त्याच्याजवळ असलेला मोठा माणूस. दुसरे काही नाही.

पट्टा घरी आणला की लगेच रानात नेऊ नका. अंगणात अर्धा तास घालून पाहा. उकिडवे बसा, वाका, आभाळाकडे बघा, दोन्ही खांद्यांवरून मागे बघा, पाण्याची कळशी उचला. मागे वळून बघता येत नसेल, तर तो पट्टा कितीही मजबूत असो, परत करा. कारण मागे बघणे हेच पहिले संरक्षण आहे.

कमरेला काय, हातात काय?

सह्याद्रीच्या कुशीतला आदिवासी बांधव रानात जाताना कमरेला आकडी बांधतो आणि तिच्यात कोयता अडकवतो. हात मोकळे राहतात आणि हवे तेव्हा हत्यार मिळते. कुणी कारखान्यात बसून काढलेली ही युक्ती नव्हे. रोजच्या कामातून ती घडली आहे. आपणही तोच विचार करावा.

बॅटरी हातात धरली की काठी सुटते. म्हणून बॅटरी डोक्याला पट्ट्याने बांधावी, नाही तर कमरेला पुढच्या बाजूस, हाडाच्या किंचित अलीकडे अडकवावी. मागे बांधली तर वाकताना रुतते, मोटारसायकलवर टोचते आणि घाईत हाताला सापडत नाही. काठी उजव्या हातात असेल तर बॅटरी डाव्या हाताला येईल अशी ठेवावी. पिशवी शिवून झाली की बॅटरी आत घालून ती उलटी धरा आणि झटका. बॅटरी पडली, तर पिशवीला बंद लावा. सहावारी नेसणाऱ्या भगिनींनी परकराच्या नाडीवर भार न देता वेगळा रुंद सुती पट्टा बांधावा. अरुंद दोरी तासाभरात काचते.

उसतोडीचा कोयता उघडा कमरेला खोचून ट्रॅक्टरवर किंवा जीपमध्ये बसू नये. टायरच्या जुन्या ट्यूबचे किंवा कॅनव्हासचे म्यान करून पाते झाकावे. तोल गेला तर बिबट्याआधी आपल्याच कोयत्याने घात व्हायचा.

काठीला घुंगरू बांधण्याची रीत आहे, ती चांगली आहे. मोठ्याने बोलत, मोबाइलवर गाणी लावत जावे. माणूस येतोय हे कळले की बिबट्या बहुधा बाजूला होतो. अचानक समोरासमोर आलात तर पळू नये, खाली बसू नये. हात वर करून मोठे दिसावे, ओरडावे आणि हळूहळू मागे सरावे. वाकलेला किंवा उकिडवा बसलेला माणूस उंचीने शेळी-कुत्र्यासारखा दिसतो. धोका तेथेच अधिक असतो. दात किंवा नख लागलेच, तर जखम वाहत्या पाण्याने व साबणाने पंधरा मिनिटे धुऊन ताबडतोब दवाखाना गाठावा. धनुर्वाताबरोबर रेबीजची लसही घ्यावी लागते.

खर्च कुणी करायचा?

आता हिशेबाचे बोलू. उसात वाकणारे हात बहुतेक मजुरांचे असतात. ज्यांच्या नावावर सातबारा नाही, ज्यांची वस्ती गावाच्या कडेला, उसाला लागून आहे, ज्यांना अजून पहाटे बाहेर बसावे लागते, असे अनेक जण आपल्याच समाजाचे आहेत. त्यांनी मजुरीतून पट्टा घ्यावा काय? ज्याच्या शेतात काम, त्याने साधन पुरवावे. तोडणीच्या टोळीसाठी मुकादमाकडे आणि कारखान्याकडे मागणी करावी. ग्रामसभेत ठराव मांडावा आणि त्याची प्रत वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या कार्यालयात देऊन पोच घ्यावी. तोंडी मागणी हवेत विरते. पोच घेतलेला कागद नाकारता येत नाही.

पट्ट्याबरोबरच ज्या मागण्या सोडायच्या नाहीत, त्या अशा : शेतीपंपाला दिवसा वीज, म्हणजे रात्री दारे धरायला जावे लागणार नाही. घरोघर वापरता येईल असे शौचालय. वस्तीच्या रस्त्याला दिवे. घर आणि ऊस यांत मोकळी पट्टी. गावातला उकिरडा साफ, म्हणजे कुत्री आणि त्यांच्यामागे बिबट्या येणार नाही. तोडणीच्या वेळी मुलांना फडाच्या कडेला न बसविता त्यांच्यासाठी वेगळी जागा आणि एक सांभाळणारी बाई. उसात पिल्ले सापडली तर हात न लावता, काम थांबवून वनखात्याला कळवावे. १९२६ हा वनखात्याचा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे. पिल्ले उचलून नेली की आई त्यांना शोधत तेथेच फिरते.

मृत्यू झाल्यास राज्य शासन वारसांना २५ लाख रुपये देते. ती रक्कम मिळवून देण्यासाठी कार्यकर्त्यांनी धावपळ करावीच. पण ती रक्कम कोणत्याही घरावर घेण्याची वेळ येऊ नये, यासाठी आधी धावपळ करावी.

येत्या रविवारी वस्तीतल्या सर्वांनी एकत्र बसावे. कुणाकडे पट्टा, बॅटरी, काठी असेल ती आणावी. आयाबायांनी, म्हाताऱ्यांनी ती घालून, वाकून, बसून पाहावी. टोचते, काचते ते तेथेच सांगावे आणि सुई-दोरा घेऊन तेथेच दुरुस्त करावे. सोमवारी सकाळी रानात निघताना कुणाच्या खुंटीला काही टांगलेले राहिले नाही ना, हे शेजाऱ्याने शेजाऱ्याला विचारावे.